बाथरूमसाठी कमी विजेचे दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलच्या फॉल्स सीलिंगवर घरात महिनाभर खल होतो. बाथरूमला मात्र वायरमनच्या पिशवीत जो होल्डर उरला असेल तो लागतो. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या नेहमीच्या घरांना धरून दिली आहेत: पाच बाय सातचं बाथरूम, शेजारी संडास, दाराबाहेर स्विचबोर्ड, भिंतीवर गीझर आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये डोक्यावर माळा.

बाथरूममध्ये एलईडी लावला तर बिल खरंच कमी होतं का?

आधी काय होतं त्यावर आहे. साठ वॅटचा पिवळा बल्ब दिवसाला ४ तास जळत असेल, तर महिन्याला ७.२ युनिट जातात. त्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला की साधारण १.१ युनिट. म्हणजे महिन्याला सहा युनिटांची बचत. बिलावरच्या तुमच्या दराने गुणून पाहा. एलईडीची किंमत थोड्या महिन्यांत सुटते. पण आधीच १५ वॅटचा सीएफएल असेल तर तो महिन्याला १.८ युनिट खातो आणि बचत एका युनिटाहून कमी राहते. त्यासाठी चालू दिवा काढून फेकण्यात अर्थ नाही.

शेजारच्या गीझरकडेही एकदा पाहा. साठवणीचा गीझर बहुधा २,००० वॅटचा असतो. तो वीस मिनिटं चालला की जवळजवळ ०.६७ युनिट गेलं. तेवढ्या विजेत ९ वॅटचा दिवा ७४ तास जळतो. गीझर रोज पाच मिनिटं आधी बंद केला तर जी वीज वाचते ती दिव्याच्या अख्ख्या दिवसाच्या खर्चाच्या कितीतरी पट आहे. बाथरूमच्या दिव्यातून बिल अर्धं होईल असं कुणी सांगत असेल तर तो दिवे विकतोय.

तरीही दिवा विचारपूर्वक घ्यावा, कारण बाथरूममध्ये पैसा जातो तो दिवे पुन्हा पुन्हा बदलण्यात. चांगला दिवा चुकीच्या डब्यात बसवला की वर्षभरात उडतो. मग ओल्या फरशीवर स्टूल ठेवून नवा लावायचा. इथे कमी विजेच्या दिव्याची निवड म्हणजे मुख्यतः टिकेल असा दिवा, योग्य जागी.

कोणते दिवे वाट न पाहता काढावेत?

पिवळा बल्ब आणि आरशावरचा हॅलोजन, हे दोन बिनशर्त. पिवळा बल्ब एका वॅटमागे १०-१५ ल्युमेन उजेड देतो, बाकीची वीज उष्णतेत जाते. आजचा साधा एलईडी बल्ब वॅटमागे ९०-१०० ल्युमेन देतो.

तिसरी, जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब. तिच्यावर ३६ किंवा ४० वॅट लिहिलेलं असतं, पण चोक स्वतः वर १०-१५ वॅट खातो आणि तो आकडा कुठेच दिसत नाही. बाथरूममध्ये असते ती दोन फुटी, १८-२० वॅटची. चोक धरून तीही तीसच्या आसपास जाते. दोन फुटी एलईडी पट्टी तेवढाच उजेड १० वॅटमध्ये देते. जुनी पट्टी ठेवून आत फक्त एलईडी ट्यूब घालण्याचा मोह होतो. तो टाळा. चोक लाइनमध्ये राहिला तर तो थोडी वीज खातच राहतो, आणि गंजलेले ट्यूब होल्डर तेच राहतात. अख्खी पट्टी बदलणं सोपं.

सीएफएल चालू आहे. जाईपर्यंत ठेवू का?

दुसऱ्या खोलीत ठेवा. बाथरूमची आणि सीएफएलची प्रकृती जुळत नाही. तो पूर्ण उजेडाला यायला अर्धं-एक मिनिट घेतो, तोवर लघवीला गेलेला माणूस बाहेरही आलेला असतो. शिवाय प्रत्येक चालू-बंदने त्याचं आयुष्य कमी होतं, आणि घरात सगळ्यात जास्त वेळा दाबलं जाणारं बटण बाथरूमचंच. एलईडीला चालू-बंदचा असा त्रास नाही. जिथे दिवा संध्याकाळी लावून रात्रीच बंद करतात, जिना किंवा पोर्च, तिथे तो सीएफएल सुखाने जगेल.

बदलायला नवा सीएफएल शोधत बसू नका. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात भारत २०१८ साली सामील झाला आहे, आणि त्या करारात घरगुती सीएफएलचं उत्पादन व आयात-निर्यात थांबवण्यासाठी २०२५ आणि नळीच्या ट्यूबलाइटसाठी २०२७ ही वर्षं ठरली आहेत.

किती वॅटचा घ्यावा?

वॅट म्हणजे खर्च. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि हल्ली तो आकडा खोक्यावर असतो. पाच बाय सातचं बाथरूम म्हणजे साधारण सव्वातीन चौरस मीटर. अंघोळ आणि कपडे धुणं यांसाठी फरशीवर दर चौरस मीटरला १५० ल्युमेन पोचले की पुरतात, म्हणजे सगळे मिळून पाचशेच्या आत. पण निघालेला सगळा उजेड फरशीपर्यंत येत नाही. काही छताला, भिंतींना आणि दिव्याच्या झाकणाला जातो. निम्मा धरून चाला. म्हणजे ९०० ते १,००० ल्युमेनचा दिवा हवा, आणि तो ९ ते १० वॅटचा असतो. तीन बाय चारच्या संडासाला ३ ते ५ वॅट भरपूर.

गडद करड्या किंवा काळ्या टाइल्सची फॅशन आली आहे. त्या उजेड पिऊन टाकतात, अशा बाथरूमला दीडपट धरा. उलट पांढऱ्या टाइल्समध्ये १५ वॅटचा पॅनल लावला तर पहाटे डोळे चुरचुरतात. गरजेपेक्षा जास्त उजेड ही आता नेहमीची तक्रार झाली आहे. एलईडी स्वस्त म्हणून एका छोट्या बाथरूममध्ये चार-चार डाउनलाइट बसवतात आणि सगळे एकाच बटणावर. चार डाउनलाइट (छतात बसणारे गोल दिवे) गुणिले ८ म्हणजे ३२ वॅट. जुन्या ट्यूबपेक्षा ही काटकसर कशी, ते इंटिरियरवाल्याला विचारा.

पांढरा की पिवळा?

विजेच्या दृष्टीने फरक नगण्य. खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असेल तर निळसर पांढरा, ४००० के म्हणजे मधला, २७०० किंवा ३००० के म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० देतो. बाथरूमला ४००० मागून घ्या असं माझं मत आहे. टाइल्स स्वच्छ दिसतात आणि आरशातला चेहराही आजारी दिसत नाही. न्हाणीघर घराबाहेर असेल, कोकणात किंवा शेतावर, तर पिवळसर घ्या. पावसाळ्यात निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात.

आरशापाशी वेगळा दिवा हवा का?

दाढी, मेकअप, लेन्स लावणं यांतलं काही तिथे होत असेल तर हवा. छताच्या दिव्यासमोर उभं राहिलं की कपाळाची सावली डोळ्यांवर आणि नाकाची ओठांवर पडते. मग माणूस छताचा दिवा आणखी मोठा करतो. सावली त्याने जात नाही, फक्त गडद होते. दिवा चेहऱ्यासमोर आला पाहिजे. उत्तम म्हणजे आरशाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर ४-५ वॅटच्या दोन उभ्या पट्ट्या. जागा नसेल तर आरशावर दोन फुटी आडवी पट्टी, दुधी झाकणाची. त्याचं बटण मात्र वेगळं ठेवा.

इथे आणखी एक आकडा बघायचा: सीआरआय. रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, कमाल १००. साध्या बल्बचा ८० असतो आणि अंघोळीला तो पुरतो. आरशाला ९० चा मिळाला तर घ्या. वॅटमागे उजेड किंचित कमी मिळतो, पण फाउंडेशनची छटा घरात एक आणि रस्त्यावर दुसरी दिसत नाही.

दिवा लावलेला एलईडी आरसा कमी वीज खातो ना?

आरशातला दिवा कमी खातो. पण त्यात बाष्प घालवायचा तापपट्टा असेल तर तो दिव्याहून जास्त वीज घेतो, आणि काही आरशांमध्ये दिव्याच्याच बटणावर चालू होतो. घेताना विचारा. शिवाय आतली पट्टी गेली की अख्खा आरसा उतरवावा लागतो.

आयपी ४४, आयपी ६५ हे काय असतं? कोणतं घेऊ?

दिव्याचा डबा किती बंदिस्त आहे त्याचे हे आकडे. पहिला आकडा धूळ आणि बारीक वस्तूंचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. ५ असेल तर पाण्याची धार चालते. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही. साधा डाउनलाइट बहुतेक वेळा आयपी २० असतो, म्हणजे पाण्यापासून शून्य संरक्षण. ते त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच. आकडा लिहिलेला नसेल तर २० समजून चाला.

कुठे किती हवं? आंतरराष्ट्रीय नियमावली बाथरूमचे पाण्यापासूनच्या अंतराप्रमाणे भाग पाडते. टब नसलेल्या, थेट फरशीवर अंघोळ करण्याच्या जागेत शॉवरच्या तोटीपासून १.२ मीटरपर्यंत आणि फरशीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा पट्टा धोक्याचा मानतात. तिथे पाण्याचा आकडा निदान ४ हवा. आपलं बाथरूमच पाच फूट रुंद. त्यातले चार फूट या पट्ट्यात गेले, म्हणजे बहुतेक भिंती आल्याच. छत साडेनऊ फुटांवर असेल तर छताचा दिवा पट्ट्याच्या वर राहतो आणि थोडी मोकळीक मिळते. पण मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमवर माळा असतो आणि त्याचा तळ सात फुटांवर. त्या तळाला लावलेला दिवा सरळ पट्ट्यात येतो. हँडशॉवर फिरवला की धार थेट त्याच्यावर.

म्हणून सरसकट उत्तर हवं असेल तर हे: छोट्या बाथरूमला आयपी ६५ चं, ८ ते १२ वॅटचं एलईडी बल्कहेड. तेच ते अंडाकृती किंवा गोल, दुधी झाकणाचं, जे सोसायटीच्या जिन्यात दिसतं. दिसायला फार देखणं नाही, पण मी तेच सुचवतो. समुद्राजवळ राहत असाल तर डबा पॉलिकार्बोनेटचा आणि स्क्रू स्टेनलेसचे घ्या. अलिबाग-मालवणकडच्या खाऱ्या हवेत साध्या पत्र्याचा डबा एक-दोन पावसाळ्यांतच गंजायला लागतो.

एक गोष्ट वायरमन हटकून विसरतो. डबा आयपी ६५ असला तरी वायर आत जाते ते भोक नीट बंद केलं नाही तर सगळं व्यर्थ. तिथून वाफ आत जाते, रात्री थंड होऊन पाणी होते, आणि झाकणात तळं साचतं. वायरच्या जागी रबरी ग्रोमेट किंवा ग्लँड (वायरभोवती भोक घट्ट बंद करणारी कडी) बसवून घ्या, आणि वायर खालून वर आत जाईल अशी वळवा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी आत न जाता खाली पडेल.

खोक्यावर २५,००० तास लिहिलंय. आमच्याकडे सहा-आठ महिन्यांत बल्ब उडतो. फसवणूक आहे का?

काही वेळा आहे, पण बऱ्याचदा दोष जागेचा असतो. रोज ४ तास धरले तर २५,००० तास म्हणजे सतरा वर्षं. हा आकडा एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यांचा असतो: त्यांचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा काळ. ठिपके क्वचितच मरतात. मरतो तो बल्बच्या गळ्यातला ड्रायव्हर, म्हणजे ठिपक्यांना हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, आणि ड्रायव्हरमध्येही मुख्यतः कपॅसिटर हा भाग. कपॅसिटरच्या आत द्रव असतो, तो उष्णतेने सुकत जातो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंश वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं.

आता बाथरूममध्ये काय होतं ते पाहा. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. त्याचा उजेड गरम नसतो, पण मागचा भाग चांगला तापतो आणि ती उष्णता हवेत जायला लागते. आपण तो बल्ब कुठे लावतो? जुन्या काचेच्या गोल हंडीत किंवा चिमणीसारख्या बंद शेडमध्ये, जी पिवळ्या बल्बसाठी बनवली होती. पिवळ्या बल्बची तार तापण्यासाठीच असते, तिला कोंडलेल्या गरम हवेचं काही वाटत नसे. एलईडी त्या हंडीत शिजतो. बऱ्याच खोक्यांवर ‘बंद शेडमध्ये वापरू नये’ असं लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. त्यात गीझरच्या वर, छतालगत, जिथे खोलीतली सगळ्यात गरम आणि ओली हवा जमते तिथेच होल्डर असतो.

यावर उपाय दोन. बल्बच ठेवायचा असेल तर हंडी काढा, होल्डर मोकळ्या हवेत ठेवा आणि तो शॉवरपासून दूर, दाराच्या बाजूला घ्या. बंद डबाच हवा असेल तर बल्ब न घेता एलईडी आतच बसवून आलेलं बल्कहेड घ्या. त्याची मागची पाटी उष्णता भिंतीत सोडण्यासाठी बनवलेली असते. तोटा एवढाच, की ते गेलं की अख्खं जातं.

उष्णता नसेल तर पुढचे संशयित तपासा. होल्डरची स्प्रिंग सैल झाली की ठिणग्या पडतात, बल्ब लुकलुकतो आणि ड्रायव्हर मरतो. बल्बच्या पितळी गळ्याला काळे डाग दिसले तर दोष होल्डरचा. नवा होल्डर फार महाग नसतो, पण लोक तीन बल्ब बदलतात आणि होल्डर तसाच ठेवतात. गावाकडे व्होल्टेज कधी १७०, कधी २६० होतं. तिथे १०० ते ३०० व्होल्ट आणि ४ केव्ही सर्ज (विजेचा अचानक झटका सोसण्याची क्षमता) असं छापलेला बल्ब घ्या. सगळ्या घरातले दिवे एकदम उडत असतील तर मात्र बल्ब बदलत बसू नका. न्यूट्रल, म्हणजे करंट परत जाणारी वायर, सैल झालेली असू शकते. त्यासाठी वायरमन बोलवा आणि महावितरणकडे तक्रार करा.

फॉल्स सीलिंग असेल तर आणखी एक कारण. डाउनलाइटचा ड्रायव्हर वर पीओपीच्या पोकळीत पडलेला असतो. वरच्या मजल्याच्या संडास-बाथरूमची गळती त्याच पोकळीत उतरते. छताला डाग पडायच्या आधी दिवा उडतो, म्हणजे एका अर्थी तो गळतीची वर्दीच देतो. तिथे दिवा बदलण्याआधी वरच्या शेजाऱ्यांशी बोला.

खोक्यावर नक्की काय वाचायचं?

बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखालचा आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. एलईडी बल्बसाठी आयएस १६१०२ हे मानक आहे. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहता येतो. दुसरं, बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे) तारे. फ्रिज-एसीसारखेच, आणि ते वॅटमागे किती ल्युमेन मिळतात त्यावर ठरतात. त्यानंतर ल्युमेन, के, व्होल्टेजची मर्यादा आणि हमी.

हमीचं बिल जपून ठेवा, नाहीतर बल्बच्या गळ्यावर खरेदीची तारीख कायमच्या पेनाने लिहा. वजनाला हलका, खोक्यावर ल्युमेन नसलेला आणि ‘९ वॅट’चे दोन फक्त शंभरात असा फेरीवाल्याचा बल्ब बहुधा नऊ वॅटचा नसतोच.

स्वस्त म्हणजे वाईटच असंही नाही. केंद्र सरकारच्या उजाला या स्वस्त एलईडी बल्बच्या योजनेसाठी ईईएसएल या सरकारी कंपनीने २०१४ मध्ये घाऊक खरेदी सुरू केली तेव्हा एका बल्बला ३१० रुपये पडले होते. २०१६ पर्यंत तोच भाव ३८ रुपयांवर आला. त्या योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आजचे बाजारातले भाव त्यामुळेच खाली आले आहेत.

बटण बंद केलं तरी दिवा अंधुक जळत राहतो. वीज जाते का? भूत आहे का?

भूत नाही. वीज जाते, पण फारच थोडी. दोन कारणं असतात. बटण बंद असताना पेटणारा लाल इंडिकेटर बटणात असेल तर त्याच्यातून किंचित करंट वाहत राहतो. पिवळ्या बल्बला तो कळत नसे, एलईडी त्यावर मिणमिणतो. इंडिकेटर नसलेलं बटण लावलं की थांबतं.

दुसरं कारण गंभीर आहे. बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो, आणि ओल्या हातांनी बल्ब बदलणाऱ्या माणसासाठी हे घातक आहे. बटण बंद करून टेस्टर लावून पाहायचं काम वायरमनकडून करून घ्या. दिवा मिणमिणो न मिणमिणो, वायरिंग बदललेल्या प्रत्येक जुन्या घरात हे एकदा तपासलेलं बरं.

सेन्सरचा दिवा लावू का? मुलं दिवा चालूच ठेवतात.

घरात नको. सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो. तो अर्धा वॅट घेत असेल तर दिवसाला १२ वॅट-तास झाले. तेवढ्यात ९ वॅटचा दिवा ऐंशी मिनिटं जळतो. म्हणजे मुलं दिवा रोज सव्वा तासाहून जास्त वेळ विनाकारण चालू ठेवत असतील तरच सेन्सर फायद्यात. मोबाइलवर चालणाऱ्या स्मार्ट बल्बचंही असंच, तो बंद असतानाही वायफायवर कान लावून बसलेला असतो.

शिवाय अंगाची ऊब ओळखणाऱ्या सेन्सरला काचेच्या पार्टिशनपलीकडचा माणूस दिसत नाही. डोक्याला साबण लावलेला असताना अंधार होतो. रडारवर चालणारा सेन्सर पातळ भिंतीपलीकडची हालचालही पकडतो, मग पॅसेजमधून कुणी गेलं तरी रिकाम्या बाथरूममध्ये लख्ख उजेड. ऑफिसचा, शाळेचा, मंगल कार्यालयाचा किंवा चाळीतला सामायिक संडास असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दिवे दिवस-रात्र जळत असतात, तिथे सेन्सर नक्की लावा.

घरच्यासाठी दाराबाहेरच्या बटणावर, दिवा चालू असतानाच पेटणारा लाल इंडिकेटर पुरतो. दिवा आत चालू राहिलाय ते बाहेरून दिसतं. आणि आत कुणी असताना बाहेरून दिवा बंद करणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच, त्यावर कुठलंही उपकरण निघालेलं नाही.

रात्रभर झिरोचा बल्ब लावतो. त्याला वीज लागत नाही ना?

लागते. जुना रंगीत झिरोचा बल्ब १२ ते १५ वॅट खातो, म्हणजे ९ वॅटच्या लख्ख एलईडीपेक्षा जास्त. आठ तास जळला तर महिन्याला तीन-साडेतीन युनिट. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी नाइटलॅम्प रात्रभर जळून महिन्याला ०.१२ युनिट घेतो. सगळ्या बाथरूममध्ये सगळ्यात सोपी बचत हीच, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

घरात म्हातारी माणसं असतील तर हा दिवा बंद करून वीज वाचवू नका. रात्री उठल्यावर उंबरठा आणि ओली फरशी दिसायलाच हवी. पिवळा किंवा नारिंगी रंग घ्या, गुडघ्याच्या उंचीवर, बाथरूमच्या दाराबाहेरच्या प्लगमध्ये. दार अर्धवट उघडं असेल तर उजेड आत जातो. निळा-पांढरा उजेड झोप उडवतो, मग पुन्हा डोळा लागत नाही.

एक्झॉस्ट पंख्याचा दिव्याशी काय संबंध?

वाफ बाहेर गेली तर दिवा टिकतो, एवढा. पण दोघांचं बटण एक ठेवू नका. पंखा ३०-४० वॅटचा असतो, दिव्याच्या चौपट. दिवा लावला की पंखा सुरू ही व्यवस्था दर लघवीला पंखा फिरवते, आणि अंघोळ संपून दिवा बंद झाला की नेमकी वाफ आत राहते. अंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं पंखा एकटा चालला पाहिजे.

दिवसा दिवा लावावाच लागू नये यासाठी काही?

आधी व्हेंटिलेटरच्या काचा धुवा. साबणाचा आणि क्षारांचा थर बसून त्या भिंतीसारख्या झालेल्या असतात. फ्लॅटमध्ये खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्टची भिंत सोसायटीने पांढरी रंगवली तर खालच्या मजल्यांनाही फरक पडतो. कौलारू घरात न्हाणीघरावर दोन काचेची कौलं बसवणं हा कोकणातला जुना उपाय आहे. दिवसभर फुकट उजेड, आणि एलईडीवाल्यांना त्याच्याशी स्पर्धा करता येत नाही.

भाड्याच्या घरात काय करू?

होल्डर पिनचा आहे की आट्यांचा ते पाहून ९ वॅटचा चांगला बल्ब आणा, हंडी काढून माळ्यावर ठेवा आणि घर सोडताना परत लावा. बल्ब सोबत न्या.

लोडशेडिंगसाठी बॅटरीचा इन्व्हर्टर बल्ब बाथरूममध्ये चालेल?

चालतो, आणि खेड्यात सोयीचाही आहे. पण तो बंद हंडीत नको, लिथियम बॅटरीला उष्णता ड्रायव्हरपेक्षाही जास्त बाधते. तो वीज असताना दिवा लावल्यावरच चार्ज होतो. बाथरूमचा दिवा दिवसात तासभरच लागत असेल तर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि ऐन वेळी दहा मिनिटांत मान टाकते. अशा घरी तो स्वयंपाकघरात लावा, बाथरूमसाठी दाराजवळ चार्जिंगची बॅटरी टांगून ठेवा.

दिवा स्वतः बदलू का?

बल्ब बदला, पण नुसतं बटण बंद करून नाही, एमसीबी (मेन बोर्डावरचा ट्रिप स्विच) पाडून. पाय कोरडे, स्टूल लाकडी किंवा प्लास्टिकचं. नवी फिटिंग, नवा पॉइंट, डाउनलाइटची वायरिंग ही कामं परवानाधारक वायरमनची. धातूची फिटिंग असेल तर हिरव्या वायरचं अर्थिंग जोडलंय का ते उभं राहून पाहा. आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर दिव्यांआधी ती बसवा. गीझर आणि दिवा दोन्ही ओल्या खोलीत आहेत, करंट गळाला तर तीच क्षणात लाइन तोडते.

जुने सीएफएल आणि ट्यूब कुठे टाकायच्या?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. त्यांच्यात थोडा पारा असतो आणि ई-कचऱ्याच्या नियमांत त्यांची गणना होते. महापालिकेच्या किंवा सोसायटीच्या ई-कचरा संकलनात द्या, तोवर मूळ खोक्यात उभे ठेवा. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो, पण तोही ई-कचराच.

सीएफएल बाथरूममध्ये फुटलाच तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका आणि बादलीभर पाणीही ओतू नका, पारा मोरीतून पुढे जातो. मुलांना बाहेर काढा, खिडकी उघडून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक भुगा ओल्या कागदाने किंवा चिकटपट्टीने टिपा, आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरून त्यावर ‘फुटलेला सीएफएल’ असं लिहून ई-कचऱ्यात द्या.